आधी छत, मग पलंग

गाडीमागे जोडायचा मोठा राहता ट्रेलर काढून पॉप-अप कॅम्पर (मिटवून ओढायचं खोकं, मुक्कामावर छत वर उचललं की कापडी भिंतींचं घर) घ्यायची कारणं बिनतोड असतात. २४ फुटी ट्रेलर सामानासकट अडीच-तीन टनांवर जातो; कसारा घाट उतरताना तो गाडीमागे येत नाही, गाडीला ढकलत नेतो. रिव्हर्स घेताना बायको मागून हात हलवते, आणि ती ‘ये’ म्हणतेय की ‘थांब’ यावरून निम्मा वाद तिथेच होतो. पॉप-अपचं तसं नाही. मिटला की उंची छातीइतकी, वजन सातशे-आठशे किलो, आणि आरशातून त्याच्यावरून मागचा ट्रक स्वच्छ दिसतो.

माझं म्हणणं एवढंच, की मोठ्या ट्रेलरचा त्रास रस्त्यावर असतो आणि पॉप-अपचा मुक्कामावर. पूर्वी भंडारदऱ्याला पोचलं की आधी चहा व्हायचा. आता चहाचं पातेलं ज्या खोक्यात आहे, त्या खोक्याचं आधी घर करावं लागतं.

निघतानाची पथ्यं थोडीच आहेत. ट्रेलर गाडीला जोडणाऱ्या पुढच्या दांड्यावर ट्रेलरच्या एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के भार हवा. जड सामान मागच्या टोकाला भरलं की दांडा हलका होतो आणि ऐंशीच्या वेगाला ट्रेलर झुलायला लागतो. म्हणून पाण्याचे कॅन आणि आईचा खलबत्ता (तो येणारच) आसाच्या किंचित पुढे. चाकं लहान असतात, खड्डे नाहीत. घोटीला थांबलात तर वडापावाआधी चाकाचा हब, म्हणजे मधला बेअरिंगचा भाग, चाचपा. कोमट असेल तर ठीक. हात ठेववत नसेल तर बेअरिंगची तक्रार आहे.

पोचल्यावर मात्र क्रम पाळायचा, आणि त्यात लोकशाही नको. गाडीला जोडलेला असतानाच डावी-उजवी पातळी बघायची. दाराच्या उंबऱ्यावर गवंड्याची पाणसळ ठेवायची आणि ज्या बाजूला उतार, त्या चाकाखाली फळी सरकवायची. चाकांना दोन्हीकडून ठोकळे. मग ट्रेलर सोडायचा, पुढच्या जॅकने पुढची-मागची पातळी घ्यायची, आणि त्यानंतर चार कोपऱ्यांचे टेकू. टेकू हे टेकवायला असतात. त्यांच्यावर ट्रेलर उचलायला गेलात की सांगाडा पिळवटतो, मग दार लागत नाही. शेवटी छताच्या कड्या सोडायच्या. सगळ्या. एक विसरून विंच (केबल गुंडाळून छत वर उचलणारी हातरहाटी) फिरवणारे महाभाग असतात. ती कडी छताचा कोपरा धरून बसते आणि ताण आतल्या केबलवर येतो.

विंचचं हँडल फिरवायचं काम घरातल्या तरुणाकडे जातं, आणि सूचना देण्याचं बाकी सगळ्यांकडे. सूचना एकच कामाची: चारही कोपरे सारखे वर जातायत ना? एक मागे राहिला तर थांबा, थोडं उलट फिरवा, त्या बाजूची पुली बघा. जोर लावू नका. शिवाय जे कुरकुरेल त्याला तेल, हा आपल्याकडचा संस्कार. छताच्या खांबांना सिलिकॉन स्प्रे जरूर मारा, पण विंचच्या ब्रेकच्या चकत्यांवर तेल गेलं की ब्रेक सटकतो आणि वर नेलेलं छत स्वतःच्या मर्जीने खाली येतं. उतरवताना छत बसलं की हात थांबवायचा. पुढे फिरवत राहिलं की केबल ढिली पडून ड्रमवर गुंता होतो.

छतानंतर पलंग. दोन्ही टोकांनी ड्रॉवरसारखे बाहेर ओढायचे आणि खालच्या तिरक्या दांड्या खोबणीत पक्क्या बसेपर्यंत कोणालाही चढू द्यायचं नाही. पोरं नेमकी आधी तिथेच उडी मारतात. टेकू लावलेले नसतील तर अख्खा डबा त्या बाजूला कलतो.

विकणारा सांगतो, सहा जण झोपतात. झोपतात की! फक्त एकाला रात्री उठायचं असेल तर सहाही उठतात. २०२७च्या सिंहस्थाला येणाऱ्या पाहुण्यांची सोय कॅम्परमध्ये करू म्हणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. कमरेच्या वर कपाट नाही, भिंत म्हणजे कापड. हिवाळ्यात निफाडकडे पारा पाच अंशांखाली गेला तरी खिडकी चार बोटं उघडी हवी, नाहीतर सगळ्यांचा श्वास पहाटे थेंब होऊन गादीवर उतरतो. उबेसाठी आत शेगडी पेटवून झोपणं तर जिवाशी खेळ आहे.

खरी परीक्षा मिटवताना. ओट्याचं सिंक खाली दुमडायचं, दार वर छताला अडकवायचं, पलंग आत ढकलायचे. कापडाच्या खिडक्यांच्या चेन उघड्या ठेवायच्या, नाहीतर आतली हवा अडकून कापड फुग्यासारखं बाहेर येतं. कापडाभोवती लांब इलॅस्टिक दोरी बांधली की ते आपोआप आत ओढलं जातं. छत हातभर खाली आणायचं, थांबायचं, चारी बाजूंनी फिरून कापड आत खोचायचं, मग पुन्हा हातभर. घाई केली की कापड छत आणि डब्याच्या मध्ये चिमटतं आणि नेमकं शिवणीवर फाटतं. शेवटची चार बोटं छत बसत नसेल, तर आत कुकर उभा राहिलाय.

आणि पाऊस. इगतपुरीकडच्या पावसात भिजलेलं कापड मिटवावं लागलं, तर घरी आल्यावर एक-दोन दिवसांत उघडून वाळवलंच पाहिजे. नाहीतर काळी बुरशी धरते, आणि ती ब्लीचने घासली तर कापडाचा वॉटरप्रूफ लेपही जातो. वाळवायचं कुठे? पार्किंगमध्ये. मिटलेला कॅम्पर तुमच्या जागेत छान मावतो. उघडला की सहा मीटर होतो, म्हणजे एक पलंग सेक्रेटरींच्या गाडीच्या बॉनेटवर. तेव्हा आधी त्यांना फोन करा, मग कड्या सोडा. सगळ्या.