तळ्याचे कल्याण करू इच्छिणाऱ्यांसाठी

आपल्या वसाहतीच्या मागे एखादे लहानसे तळे अजून शिल्लक असेल, तर सुजाण नाशिककर या नात्याने त्याचे संवर्धन करणे हे आपले कर्तव्यच आहे. आमच्या मागच्या तळ्याचे संवर्धन नुकतेच, ऐन श्रावणात, यथासांग पार पडले आणि ते मला गच्चीवरून सुरुवातीपासून शेवटपर्यंत पाहता आले. तेव्हा इतरांना उपयोग व्हावा म्हणून त्याची पद्धत येथे सांगतो.

मुहूर्त पावसाळ्यातलाच धरावा. टिबुकलीचे तरंगते घरटे, पाणकणसात दडलेली जांभळ्या पाणकोंबडीची अंडी आणि कमळपक्ष्याची पिले हे सर्व याच दिवसांत असते, त्यामुळे जेसीबीच्या एकाच फेरीत सगळ्यांचा निकाल लागतो आणि डिझेलही वाचते.

फलक आधी लावावा. तळे सवडीने पाहिले तरी चालते.

काठावर वाढलेले पाणकणीस आणि लव्हाळा म्हणजे अस्वच्छता, हे गृहीत धरून दोन्ही मुळासकट उपटावे. वरवर कापले तर पाणकणीस जमिनीतल्या खोडापासून पुन्हा फुटते, म्हणून बकेट खोलवर घालण्याचा आग्रह धरावा. सांडपाण्यातले नत्र आणि स्फुरद ही झाडे शोषून घेत होती, ते काम यापुढे कोण करणार, असा प्रश्न एखादा निवृत्त शिक्षक विचारील. त्याला टोपी आणि टी-शर्ट देऊन छायाचित्रात उभे करावे.

डेंग्यूचा उल्लेख करण्यास विसरू नये. त्याचा डास आपल्या कूलरमध्ये, गच्चीवरच्या उघड्या पिंपात आणि टाकून दिलेल्या टायरमध्ये वाढतो हे खरे असले, तरी कूलर आपला असतो आणि तळे कोणाचेच नसते.

आता मुख्य विधी, म्हणजे गाळ काढणे. तळे जितके खोल तितके चांगले, हा सिद्धान्त सभेत मोठ्या आवाजात मांडावा. धरण आणि तळे यांतला फरक विचारायला कोणी उठत नाही. तळे मधोमध खणून त्याचे काठ भिंतीसारखे सरळ करावेत आणि त्यांवर दगडी पिचिंग बसवावे, म्हणजे हिवाळ्यात येणाऱ्या तुतारीला व चिखल्याला आणि बारमाही शेकाट्याला, अशा काठावरच्या पक्ष्यांना, पाय टेकायला वीतभर पाण्याची उथळ कडा उरणार नाही, आणि बेडकांनाही अंडी घालण्यासाठी दुसरीकडे जागा शोधावी लागेल. एवढे झाल्यावर हिवाळ्यात एखाद्या रविवारी मोठी लेन्स गळ्यात अडकवून निफाड तालुक्यात नांदूरमधमेश्वरला जावे आणि तिथले पक्षी पाहून हरखून जावे. ते ठिकाण 2020 साली महाराष्ट्रातले पहिले रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून जाहीर झाले, ही माहिती गाडीतल्या मुलांना अभिमानाने सांगावी. ते कशामुळे झाले, हे मात्र सांगू नये. गोदावरी आणि कादवेच्या संगमाजवळ ब्रिटिश काळात बंधारा बांधला गेला, त्याच्या मागे वर्षानुवर्षे गाळ साचला, त्या गाळाची बेटे आणि उथळ पाणपसारे झाले, त्यांवर पाणवनस्पती माजल्या आणि म्हणून पक्षी आले. जो गाळ पाहायला आपण पेट्रोल जाळत तिथवर जातो, तोच घराच्या मागे दिसला की आपल्याला त्याची किळस येते, आणि तो ट्रकने उचलून नेल्याबद्दल आपण एकमेकांना नारळ आणि शाल देतो! त्याच आठवड्यात कोणाच्या तरी स्वयंपाकघराच्या नूतनीकरणाचा राडारोडा रात्री त्याच काठावर येऊन पडतो, त्यात फुटक्या फरशा असतात, कमोड असतो, आणि सकाळी तो पाहून ‘लोकांना नागरी जाणीव नाही’ असे म्हणणाऱ्याच्या घरात नव्या फरशा चकाकत असतात.

त्यानंतर पेव्हर ब्लॉकचा ट्रॅक, कारंजे, रंगीत दिवे आणि फायबरचा रोहित पक्षी. सिंहस्थ तोंडावर असताना निधीची चिंता करू नये.

कायद्याला भिण्याचेही कारण नाही. पाणथळ जागांच्या संवर्धनाचे 2017 चे नियम भराव, अतिक्रमण, कचरा आणि सांडपाणी या सर्वांना मनाई करतात खरे, पण ती जागा कागदावर पाणथळ म्हणून असावी लागते. इस्रोच्या 2011 च्या नकाशासंग्रहात सव्वादोन हेक्टरांहून लहान पाणथळी केवळ ठिपक्यांनी दाखवलेल्या आहेत, आणि ठिपका पुसण्यासाठी फार मोठे यंत्र लागत नाही.

इथवर मी थट्टेने लिहिले, पण यापुढे मला ते जमणार नाही. या सगळ्या सोहळ्यात वसाहतीच्या दोन इमारतींचे सांडपाणी थेट तळ्यात सोडणाऱ्या पाइपाला कोणी हात लावला नाही. मी तो दाखवला, तेव्हा ‘तो विषय वेगळा आहे’ असे उत्तर मिळाले. कसा वेगळा? पाणकणीस गेले आणि मैला तसाच येत राहिला, तर मोकळ्या पाण्यावर पाणवेली पसरणार, हे ज्याने गोदावरीचा पुलावरून हिरवागार झालेला पट्टा पाहिला आहे त्या प्रत्येक नाशिककराला ठाऊक आहे. पाणवेल काढायला यंत्र आणायचे, ती पुन्हा वाढली की पुन्हा यंत्र आणायचे, आणि तिला खाऊ घालणारा पाइप तसाच ठेवायचा, याला तुम्ही देखभाल म्हणता. तुम्हाला तळे नको होते, तुम्हाला उद्घाटन हवे होते. ते झाले आहे. आता त्या पाइपाचे पाणी मलनिस्सारण वाहिनीला जोडा, एका बाजूचे पिचिंग उखडून तिथे मातीचा उतरता काठ करा, रात्रीचे दिवे बंद ठेवा आणि त्या काठावर पाणकणीस पुन्हा उगवू लागले, तर कृपा करून श्रमदानाला येऊ नका.