60 क्रेडिट झाले म्हणजे युनिव्हर्सिटी मिळाली, असं नाही

"न्यूझीलंडमध्ये बोर्ड वगैरे काही नाही. कुठलेही 60 क्रेडिट जमवा, युनिव्हर्सिटी पक्की. इंटर्नलचे क्रेडिट शाळा वाटतेच, नोव्हेंबरच्या परीक्षेला नाही बसलं तरी चालतं." हा फॉरवर्ड ऑकलंडला इयर 13 मध्ये (शाळेच्या शेवटच्या वर्षात) शिकणाऱ्या आमच्या भाचीला तिच्या सख्ख्या काकांनी पाठवला. काका, हे तिच्या वर्षावर बेतू शकतं.

60 क्रेडिटनं एनसीईएची (न्यूझीलंडच्या शालेय प्रमाणपत्राची) लेव्हल 3 मिळते, लिटरसी-न्यूमरसी झालेली असेल तर. युनिव्हर्सिटी एंट्रन्स ही वेगळी पात्रता आहे आणि एनझेडक्यूएचा (हे प्रमाणपत्र देणाऱ्या सरकारी संस्थेचा) नियम स्पष्ट आहे: लेव्हल 3 हवीच, शिवाय तीन मान्य विषयांत प्रत्येकी 14 क्रेडिट त्याच लेव्हलचे, वर लिटरसीचे 10 (वाचनाचे 5, लेखनाचे 5) आणि न्यूमरसीचे (आकडेमोडीचे) 10. आता हिशोब करा. फिजिक्स 16, कॅल्क्युलस 15, इंग्लिश 12, हॉस्पिटॅलिटीसारख्या युनिट स्टँडर्डचे (स्टँडर्ड म्हणजे क्रेडिट देणारा विषयाचा एक घटक; युनिट हा कामधंद्याकडचा प्रकार) 17. बेरीज 60, लेव्हल 3 हातात. एंट्रन्स मात्र नाही, कारण इंग्लिश 12 वर अडकलं आणि युनिट स्टँडर्डचे 17 ते भरून काढत नाहीत. इंग्लिशचे ते 12 इंटर्नलचे, म्हणजे वर्षभरात शाळेतच तपासलेल्या कामाचे. नोव्हेंबरमध्ये एकच निबंध पास झाला असता तर 4 मिळून 16 झाले असते. परीक्षेला नाही बसलं तर काय बिघडतं, ते हे.

"कुठलेही" हेही खोटं. 60 क्रेडिट त्या लेव्हलचे किंवा वरचे लागतात. शिवाय 2024 पासून लिटरसी-न्यूमरसीचे 20 वेगळे. ते एकदा मिळवले की तिन्ही लेव्हलना चालतात. पण ते नसतील तर 100 क्रेडिट असूनही सर्टिफिकेट नाही.

शाळा वाटते म्हणे! इंटर्नलच्या कामाचे नमुने एनझेडक्यूए तपासायला मागवते. रिसबमिशन (तेच काम पुन्हा देणं) फक्त किरकोळ चूक मुलानं स्वतः सुधारण्यासाठी, नव्यानं शिकवून नाही. पुन्हा असेसमेंटची संधी वर्षात फार तर एक, तीही शाळेनं ठेवली तर.

एक गोष्ट मात्र मान्य करावी लागेल: नुसत्या इंटर्नलवर लेव्हल मिळू शकते, आणि एखादं स्टँडर्ड गेलं म्हणून मिळवलेले क्रेडिट बुडत नाहीत. फॉरवर्डमध्ये खरं आहे ते एवढंच.

"एनसीईए बंदच होतंय" ही फॉरवर्डची शेवटची ओळ. ऑगस्ट 2025 मध्ये सरकारनं मांडलेल्या आराखड्यात इयर 13 चं नवं सर्टिफिकेट 2030 पासून आहे. यंदाच्या इयर 13 चा त्याच्याशी संबंध नाही.

भाचीनं आजच नॅशनल स्टुडंट नंबरनं एनझेडक्यूएच्या साइटवर लॉगइन करून विषयवार क्रेडिट मोजावेत. तीनपैकी एखाद्या मान्य विषयात 14 होत नसतील, तर शाळेतल्या प्रिन्सिपल्स नॉमिनीला (एनसीईएचं काम पाहणाऱ्या व्यक्तीला) गाठून विचारावं की उरलेल्या कुठल्या स्टँडर्डमधून ते भरतील. नोव्हेंबर उजाडल्यावर हे विचारून उपयोग नाही.