‘एकदा बसवलं की झालं’ म्हणणाऱ्यांना

वेर्णा, कुंडई, पिळर्णच्या कारखानदारांच्या आणि किनारपट्टीवरच्या हॉटेलवाल्यांच्या व्हॉट्सॲप गटांवर एक मजकूर फिरतो आहे. त्याचा सारांश असा: गोव्यातल्या लहान कंपनीच्या वाटेला कोणी जात नाही, फायरवॉल (नेटवर्कची ये-जा गाळणारं उपकरण), अँटिव्हायरस, दर ३० दिवसांनी नवा पासवर्ड आणि क्लाउडवर बॅकअप एवढं पुरे, आयएसओ २७००१ या माहिती-सुरक्षेच्या मानकाचं प्रमाणपत्र मिळालं की आयटीच्या माणसांना पुन्हा पुन्हा शिकवण्यावर पैसा घालवू नये. वाचायला सोयीचं आहे, म्हणूनच त्याला उत्तर देणं भाग आहे.

आधी ‘गोव्यात कोण येतो’ हे पाहू. जून २०२२ मध्ये, ऐन पावसाळ्याच्या तोंडावर, राज्याच्या जलस्रोत खात्याच्या पूर-देखरेख यंत्रणेवर रॅन्समवेअरचा (फायली कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या प्रोग्रामचा) हल्ला झाला. नद्यांवरच्या १५ ठिकाणांहून येणारी माहिती जिथे जमा होत होती, तिथल्या फायली उघडेनाशा झाल्या. हल्लेखोर कंपनीची पाटी वाचत बसत नाहीत. इंटरनेटवर उघडी राहिलेली दारं धुंडाळणारे प्रोग्राम अष्टौप्रहर चालू असतात. रिमोट डेस्कटॉपचं, म्हणजे दुरून मशीन चालवण्याच्या सोयीचं, ३३८९ क्रमांकाचं दार (पोर्ट) बाहेरून दिसत असेल, तर पासवर्डचे अंदाज लावणं काही तासांतच सुरू होतं.

फायरवॉलचा मुद्दा जास्त गंभीर आहे, कारण फायरवॉल हीसुद्धा एक मशीनच आहे आणि तिच्यातही भोकं निघतात. फायरवॉल बनवणाऱ्या फोर्टिनेट कंपनीच्या व्हीपीएनमधल्या (बाहेरून ऑफिसच्या नेटवर्कमध्ये शिरण्याच्या सुरक्षित वाटेतल्या) एका त्रुटीवरचा पॅच, म्हणजे दुरुस्ती, मे २०१९ मध्ये आला. तरीही सप्टेंबर २०२१ मध्ये तिच्या सुमारे ८७,००० फोर्टिगेट फायरवॉलची लॉगिन माहिती उघड झाली. काहींनी पॅच लावलाच नव्हता. काहींनी लावला, पण आधीच चोरीला गेलेले पासवर्ड बदलले नाहीत. पॅच पुढची चोरी थांबवतो, गेलेली किल्ली परत आणत नाही. म्हणून अशा पॅचनंतर तीन कामं त्याच दिवशी करायची: सगळ्या व्हीपीएन खात्यांचे पासवर्ड बदलणं, चालू सेशन तोडणं, आणि ॲडमिन खात्यांच्या यादीत अनोळखी नाव शिरलं आहे का ते पाहणं.

अँटिव्हायरसबद्दल एकच चाचणी सांगतो. इकार नावाची ६८ अक्षरांची निरुपद्रवी चाचणी फाईल पाच मशीनवर ठेवा, त्यातलं एक स्टोअरमधलं आणि एक रिसेप्शनचं असू दे. फाईल पकडली गेली तरी इशारा कोणाच्या डोळ्यांपर्यंत किती मिनिटांत पोचला ते मोजा. बहुतेक ठिकाणी घोडं इथेच अडतं: सॉफ्टवेअर काम करतं आणि इशारा कोणीच न उघडणाऱ्या मेलबॉक्समध्ये पडून राहतो.

दर ३० दिवसांनी पासवर्ड? हा सल्ला जुना झाला. अमेरिकेच्या निस्ट या मानक ठरवणाऱ्या संस्थेने २०१७ मध्येच ठरावीक मुदतीने पासवर्ड बदलायला लावू नका असं सांगितलं, कारण सक्ती केली की माणसं शेवटचा आकडा तेवढा वाढवतात. लांब पासवर्ड ठेवावा, फुटलेल्या पासवर्डच्या यादीशी ताडून पाहावा आणि गळती झाल्याचा पुरावा मिळाला की लगेच बदलावा. सोबत दुसरा घटक, म्हणजे पासवर्डखेरीज ओळखीची आणखी एक खूण, हवाच. तोही नुसत्या ‘मंजूर करा’ बटणाचा नको, कारण रात्री दोन वाजता वीस सूचना आल्या की कंटाळून माणूस होकार देतो. पडद्यावरचा आकडा टाकायला लावणारं ॲप किंवा फिडो किल्ली (लॉगिनसाठी मशीनला लावायची छोटी सुरक्षा-किल्ली) घ्या.

बॅकअपवर थोडं थांबू, कारण नुकसान शेवटी इथेच ठरतं. क्लाउडवर सिंक होणारं फोल्डर म्हणजे बॅकअप नव्हे; इकडे फाईल एनक्रिप्ट, म्हणजे कुलूपबंद, झाली की तिकडेही तीच चढते. तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर, एक जागेबाहेर, आणि त्यातली किमान एक नेटवर्कपासून तुटलेली. बॅकअप सर्व्हर कंपनीच्या डोमेनमध्ये (सगळी मशीन आणि खाती एकाच जागेहून चालवणाऱ्या व्यवस्थेत) जोडू नका. डोमेन ॲडमिनचा पासवर्ड गेला की हल्लेखोर सगळ्यात आधी बॅकअप पुसतो. आणि वेळेचं गणित आधीच मांडा: २ टीबी डेटा १०० एमबीपीएसच्या लाइनवरून परत आणायला, लाइन पूर्ण वेगाने चालली तरी, सुमारे ४५ तास लागतात. चवथीच्या सुटीत ऑफिस बंद असताना हल्ला झाला तर ते तास कधी सुरू होतील? दर तिमाहीला एक पूर्ण सर्व्हर रिकाम्या मशीनवर उभा करून घड्याळ लावा.

प्रमाणपत्राला कमी लेखत नाही. पण ते ज्या मानकावर मिळतं तेच बदललं: आयएसओ २७००१ च्या २०१३ च्या आवृत्तीत ११४ नियंत्रणं (सुरक्षेचे उपाय) होती, २०२२ मध्ये त्यांची फेरमांडणी होऊन ९३ झाली आणि थ्रेट इंटेलिजन्स (धोक्यांची माहिती गोळा करणं), क्लाउड सुरक्षा यांसारखी ११ नवी आली. कायद्याचंही तसंच. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या आदेशानुसार नमूद प्रकारच्या घटना कळल्यापासून ६ तासांत तिला कळवाव्या लागतात, लॉग (मशीनवरच्या घडामोडींच्या नोंदी) १८० दिवस ठेवावे लागतात आणि घड्याळं ठरलेल्या वेळ-सर्व्हरशी जुळवावी लागतात. विंडोजचा सिक्युरिटी लॉग मूळ सेटिंगवर साधारण २० एमबीचा असतो. तो भरला की जुन्या नोंदींवर नव्या चढतात. लॉग वेगळ्या सर्व्हरवर पाठवल्याशिवाय १८० दिवस भरणारच नाहीत, आणि हे ज्याने शिकून घेतलं नाही त्याला ते चौकशीच्या दिवशी कळतं.

शिकण्यासाठी मोठा खर्चही लागत नाही. दर सोमवारी अर्धा तास: अमेरिकेच्या सिसा या सायबर सुरक्षा संस्थेची, प्रत्यक्ष हल्ल्यांत वापरल्या गेलेल्या त्रुटींची यादी उघडायची, आपल्या मालमत्तांच्या (मशीन आणि सॉफ्टवेअरच्या) यादीशी ताडायची, जुळेल त्या प्रत्येक ओळीपुढे जबाबदार माणसाचं नाव आणि तारीख लिहायची. मालमत्तांची यादीच नसेल, तर पहिला सोमवार तिच्यासाठी.