दोन सावल्यांनी पृथ्वी गोल ठरत नाही

सपाट पृथ्वीवाल्यांशी वाद सुरू झाला की गोलवाली मंडळी हमखास इरॅटोस्थेनिस या प्राचीन ग्रीक विद्वानाला पुढे करतात. एकाच दुपारी दक्षिण इजिप्तमधल्या सायीनला सूर्य डोक्यावर, उत्तरेतल्या अलेक्झांड्रियाला ७.२ अंश कललेला, अंतर ५००० स्टेडिया (लांबीचं जुनं ग्रीक माप). ७.२ अंश म्हणजे वर्तुळाचा पन्नासावा भाग, म्हणून पृथ्वीचा परीघ त्या अंतराच्या पन्नासपट. हिशोब चोख आहे, पण तो पुरावा नाही. पृथ्वी गोल आणि सूर्य फार लांब, हे त्याने आधीच धरलं होतं. तेच दोन आकडे सपाट जमिनीवर मांडा: अंतर सुमारे ८०० किमी धरलं तर सूर्य साधारण ६,३०० किमी उंचीवर येतो, गणितात कुठेही खोट नाही. समोरचा हे बरोबर पकडतो आणि आपण चिडतो.

जुन्या चिनी गणितात नेमकं हेच केलेलं आहे. ची आणि त्सुन ही लांबीची चिनी मापं, दहा त्सुनची एक ची; ली हे लांब अंतराचं. आठ ची उंचीची काठी, हजार ली उत्तर-दक्षिण सरकलं की सावलीत एक त्सुन फरक. म्हणून सूर्य ८०,००० ली वर. इ. स. ७२४ मध्ये यी शिंग आणि नानगुंग युए या चिनी खगोलतज्ज्ञांनी प्रत्यक्ष मोजमाप करवलं. हनानच्या मैदानात ५२६ लीमध्येच सावली दोन त्सुनहून जास्त बदलली. नियम गेला मोडीत. गंमत म्हणजे यी शिंगने त्यावरून पृथ्वी गोल असं काही म्हटलं नाही.

निकाल लावायला तिसरी जागा लागते. सपाट जमिनीवर, सूर्य जवळ असला तर, दुपारची सावली अंतराच्या प्रमाणात वाढते. समरूप त्रिकोण, दहावीचं गणित. गोलावर ती वाढत्या वेगाने वाढते. २० मार्चच्या आसपास एक मीटर उंचीच्या काठीची कोल्हापूरला ३०.० सेंमी, जयपूरला ५०.७ आणि श्रीनगरला ६७.७ सेंमी सावली पडते. उत्तर-दक्षिण अंतरं अनुक्रमे ११३० आणि ७९५ किमी. म्हणजे हजार किमीला पहिल्या टप्प्यात १८.३ सेंमी वाढ, दुसऱ्यात २१.४. सपाट गणिताने पहिली जोडी सूर्य ५,४५० किमीवर ठेवते, दुसरी ४,७०० वर. एकाच दुपारी एकच सूर्य! आणि कोन काढले तर दोन्ही टप्प्यांत एका अंशाला सुमारे १११ किमीच.

आता मोजायचं कसं, कारण घोळ इथेच होतात. सूर्य बिंदू नाही, अर्धा अंश रुंद आहे. त्यामुळे काठीच्या टोकाची सावली सेंटिमीटरभर पुसट येते आणि जो तो आपल्या सोयीची कड धरतो. त्यापेक्षा पाच मिलिमीटर भोकाचा वॉशर बरोबर एक मीटरवर आडवा बसवा आणि खाली पडणाऱ्या उजेडाच्या ठिपक्याचा मध्य धरा. शून्याची खूण त्या भोकातून ओळंबा सोडून करा. गुण्या लावून काठी फरशीला काटकोनात उभी करू नका. गच्चीला पाणी वाहून जायला उतार दिलेला असतो. मीटरला एक सेंटिमीटर उतार असला तरी काठी अर्ध्या अंशाहून जास्त कलते, म्हणजे जमिनीवर साठेक किलोमीटरची चूक.

घड्याळातल्या बारालाही मोजू नका. कोल्हापूरला त्या दिवशी सूर्य सगळ्यात उंच येतो १२:४० च्या सुमारास. वीस मिनिटं आधीपासून दर पाच मिनिटांनी ठिपक्याचा मध्य खुणावत जा, शून्याच्या खुणेपासून सगळ्यात आखूड अंतर तीच सावली. मध्याच्या जवळपास लांबी फार हळू बदलते, त्यामुळे मिनिटभर इकडेतिकडे चालतं. तिन्ही शहरांत माप एकाच दिवशी घ्यायचं. विषुवदिनाला सूर्य दिवसाला जवळजवळ ०.४ अंश सरकतो, म्हणजे ४४ किमी.

अंतरं रस्त्याची घेऊ नका, उत्तर-दक्षिणच हवीत. 'नकाशाच गोल पृथ्वी धरून बनवलाय' ही हरकत येणारच, आणि ती रास्त आहे. पण आपल्याकडे १८०२ मध्ये विल्यम लॅम्बटन या ब्रिटिश सर्वेक्षकाने मद्रासजवळ शंभर फुटी पोलादी साखळीने पायारेषा (सर्वेक्षणाची पहिली रेषा) जमिनीवर मोजूनच, तिच्यावरून पुढची अंतरं काढणारी त्रिकोणांची साखळी सुरू केली होती. ती वाढवत तो आपल्या हिंगणघाटपर्यंत आला आणि १८२३ मध्ये तिथेच वारला.

राहिली हवेत किरण वाकण्याची सबब. क्षितिजाजवळ ती खरी आहे, म्हणूनच तलावापलीकडच्या दिव्यांचे व्हिडिओ कोणत्याच बाजूचा पुरावा म्हणून मी धरत नाही. पण श्रीनगरला दुपारी सूर्य ५६ अंश वर असताना किरण वाकतो तो सुमारे ०.०११ अंश. मीटरच्या काठीवर तो फरक मिलिमीटरच्या एक तृतीयांशापेक्षाही कमी.