माझं नाव राहू दे तिथं

आमच्या खटाव तालुक्यात नागपंचमीला भाऊ मुराळी होऊन बहिणीला आणायला जातो. आण्णा आदल्या दिवशीच सायकल पुसून ठेवत. आत्याचं गाव ९ किलोमीटरवर. दुपारपर्यंत ती दोघं येत. आत्या कॅरिअरवर, मांडीवर धाकटं पोर, आणि हँडलला अडकवलेल्या पिशवीत आम्हा भावंडांसाठी शेंगदाण्याचे लाडू. घरात दिंडं उकडत असायची. रात्री पटांगणात बायकांनी फेर धरला की सगळ्यात वरचा आवाज आत्याचा. आण्णा ओट्यावर बसून ऐकत आणि शेजारच्याला सांगत, "आमची अक्का हाय ती."

२००९ च्या पंचमीला आण्णा तिला आणायला गेले नाहीत. त्यानंतर कधीच गेले नाहीत.

कारण एवढंच होतं. आजोबा १९९८ ला वारले तेव्हा वारसनोंदीत आण्णा कब्जेदार झाले आणि आत्याचं नाव सातबारा उताऱ्यावर मालकाच्या नाही, तर 'इतर हक्का'च्या रकान्यात गेलं. तेव्हा बहिणींची नावं अशीच लागायची, त्यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं. रान साडेतीन एकर, तेही वरचं, पावसावरचं. अकरा वर्षांनी विहीर खोल करायला आणि पाइपलाइनला आण्णांना कर्ज हवं होतं. उताऱ्यावर बहिणीचं नाव दिसतंय, तिची संमती आणा, असं त्यांना सांगण्यात आलं. भावकीतली चार माणसं म्हणाली, संमती कशाला, हक्कसोडच घे, कायमची कटकट मिटंल. हक्कसोड म्हणजे बहिणीनं आपला हिस्सा सोडल्याचा कागद.

आण्णा साडी घेऊन गेले. मी बरोबर होतो, बावीस वर्षांचा. आत्यानं चहा ठेवला, साडीची घडी हातानं दाबून बघितली आणि सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "दादा, जमीन तूच कस. मला त्यातला दाणा नगं. कर्जाच्या कागदावर म्हणशील तिथं अंगठा लावते. पण माझं नाव ऱ्हाऊ दे तिथं."

आण्णांना त्यात अविश्वास ऐकू आला. ते चहा न पिता उठले. मला त्या वेळी आण्णांचंच बरोबर वाटलं होतं, हे मी आज लपवत नाही.

कर्ज शेवटी दुसरीकडून निघालं. पाइपलाइन झाली, विहिरीला पाणीही लागलं. बोलणं मात्र १४ वर्षं बंद राहिलं. आण्णांचा तालमीतला एक जिवलग मित्र मध्ये पडला, तर त्याच्याशीही दोन वर्षं अबोला झाला. भाऊबीजेला आण्णा अंधारातच रानात निघून जायचे आणि दिवस बुडाल्यावर यायचे. आत्या त्या संध्याकाळी काय करायची, ते मला तिच्या मुलानं पुष्कळ नंतर सांगितलं. ती अंगणात ताट घेऊन चंद्राला ओवाळायची. आपल्याकडं भाऊ नसलेली बाई चंद्राला ओवाळते. तिचा भाऊ ९ किलोमीटरवर होता.

२०२३ मध्ये आण्णा गेले. निरोप मिळाला तशी आत्या अनवाणी आली. मोठ्यानं रडली नाही. पायांशी बसली आणि पदरानं त्यांच्या टाचा पुसत राहिली. भेगांत रानातली माती होती, ती निघत नव्हती, तरी पुसत राहिली. तिला उठवायला कुणी पुढं झालं नाही.

हे सगळं आज लिहितोय, कारण दहावा उरकला त्याच संध्याकाळी भावकीतल्या एकानं मला बाजूला घेऊन विचारलं, "बहिणीचं हक्कसोड कधी घेतोस?"

कायदा काय म्हणतो ते मी या दोन वर्षांत नीट समजून घेतलंय, कारण आमच्याकडं तो फक्त भांडणात काढला जातो. बापाच्या मिळकतीत मुलगी १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यापासून वारस आहे. वडिलोपार्जित मिळकतीत जन्मानं मुलाच्या बरोबरीचा हक्क महाराष्ट्रानं १९९४ मध्ये दिला, पण तेव्हा ज्यांची लग्नं होऊन गेली होती त्या लेकी बाहेर राहिल्या. म्हणजे आमची आत्या बाहेर. ९ सप्टेंबर २००५ पासून देशभर लागू झालेल्या दुरुस्तीनं लग्न झालेल्या मुलीही आत आल्या. वडील त्या तारखेआधी वारले असतील तर काय, हा घोळ तरीही चालूच राहिला. तो सर्वोच्च न्यायालयानं ऑगस्ट २०२० मध्ये मिटवला. वडील तेव्हा हयात असायलाच हवेत असं नाही, मुलीचा हक्क जन्मानंच आहे, असा तो निकाल. आत्याला यातलं एक अक्षर माहीत नव्हतं. तिनं हिस्सा मागितलाच नव्हता. आपण त्या घरात जन्मलो होतो, एवढं कुठंतरी लिहिलेलं राहावं, इतकंच तिचं मागणं होतं.

भावांची भीती मला कळते. मीही भाऊच आहे. साडेतीन एकराचे तुकडे झाले तर कुणाच्याच पोटाला पुरत नाहीत. कधी बहिणीला काही नको असतं आणि तिच्या घरचे तिला पुढं करतात, हेही मी बघितलंय. पण या भीतीवर आपण जो उपाय काढलाय तो मला मान्य नाही. दुय्यम निबंधकाच्या कचेरीबाहेर एकदा तासभर उभं राहून बघा. डोक्यावर पदर घेतलेली बाई आत जाते, यंत्रावर अंगठा ठेवते, कॅमेऱ्याकडं बघ म्हटलं की बघते आणि बाहेर येते. दारात भाऊ तिच्या हातात साडीची पिशवी देतो. कुठला गट नंबर, किती गुंठे, आपण काय सोडलं, हे तिला कुणी वाचून दाखवलेलं नसतं. ती विचारत नाही, कारण विचारलं तर माहेर तुटेल. याला आपण बहिणीचं प्रेम म्हणतो. बहिणीनं समजून उमजून, मोकळ्या मनानं सोडलं तर तिचे पाय धरावेत. पण तिला नाही म्हणायची मुभाच नसेल, तर त्या सहीला मी प्रेम म्हणणार नाही.

माझी धाकटी बहीण पिंपरीला असते. वारसनोंदीचा विषय काढायला मी फोन केला. माझं वाक्य पुरं व्हायच्या आत ती म्हणाली, "दादा, कुठं सही करायची तेवढं सांग, मी रजा टाकून येते." किती पटकन म्हणाली! दुसऱ्या कुणाला आनंद झाला असता. मला रात्रभर झोप लागली नाही. ती आठवीत असल्यापासून तिनं त्या रिकाम्या पंचम्या बघितल्या होत्या. एका नाहीचं काय होतं हे तिला पाठ होतं. माझ्या सख्ख्या बहिणीला माझी भीती वाटत होती.

मी तिला म्हटलं, सही करायची नाही. तू ये, रान बघ, उतारा वाच, मग पुढच्या वर्षी नाहीतर दहा वर्षांनी तुला काय वाटतं ते सांग. ती फोनवर बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "विहिरीवरच्या आंब्याला यंदा मोहर आलाय का?"

अर्जात आईबरोबर आम्हा दोघांची नावं लिहिली. फेरफाराची नोटीस लागली, पंधरा दिवस गेले, नोंद मंजूर झाली. भावकीतले दोघं अजून माझ्याशी नीट बोलत नाहीत.

यंदाच्या पंचमीला मोटारसायकल घेऊन आत्याकडं गेलो. ती सत्तरीच्या पुढं गेलीय, गुडघे धरलेत. मला दारात बघून म्हणाली, "मुराळी आलाय व्हय?" आणि तिथंच उंबऱ्यावर बसली. खिशातला उतारा काढून मी तिच्या पुढं धरला. तिला वाचता येत नाही. तिनं बोट टेकवलं. "यात माझं कुठाय?"

मी तिचं बोट धरून 'इतर हक्का'पाशी नेलं. तिनं ते तिथंच थोडा वेळ ठेवलं.

"आन आपल्या पोरीचं?"

तेही दाखवलं. माझ्या नावाच्या लगेच खाली.

आत्यानं कागद होता तसा घडी घालून माझ्या खिशात ठेवला, भिंतीला धरून उठली आणि म्हणाली, "पिशवी घे ती. लाडू हायती, दाबू नगंस."