पाखाडी, गडगा आणि फ्री रिलीफ : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

सड्यावरच्या मैदानातील पावसाळी खेळावर मी लिहिलेल्या लेखाला आपण रोखठोक आक्षेप घेतला आहे : ‘चेंडू पडेल तिथूनच खेळायचा हा गोल्फचा पाया असताना, डबक्यातला चेंडू उचलून कोरड्यात टाकायचा आणि दंडही घ्यायचा नाही, ही पळवाट नव्हे काय?’

आधी माझी चूक. उचललेला चेंडू कुठे टाकायचा, यावर ‘चेंडूपासून एका क्लबच्या (गोल्फच्या काठीच्या) अंतरात’ असे मी लिहिले होते, ते साफ चुकीचे आहे. चेंडूला, उभे राहण्याला आणि स्विंगला पाण्याचा अडथळा पूर्णपणे टळेल, असा होलच्या जवळ न जाणारा सर्वांत नजीकचा बिंदू आधी शोधावा लागतो. तिथून, पटर (होलजवळ चेंडू हळूच ढकलायचा क्लब) सोडून आपल्याकडच्या सर्वांत लांब क्लबच्या अंतरात, चेंडू गुडघ्याच्या उंचीवरून सोडायचा असतो. २०१९ पूर्वी तो खांद्याच्या उंचीवरून सोडत.

‘पळवाट’ हा शब्द मात्र मला मान्य नाही, कारण नजीकचा बिंदू सोयीचा असेलच असे नाही. लेखातल्या त्याच फेरीत माझा चेंडू जांभ्याच्या पाखाडीवर, म्हणजे दगडी पायवाटेवर, थांबला. पाखाडी हा मानवनिर्मित, न हलणारा अडथळा असल्याने फ्री रिलीफ, म्हणजे दंडाशिवाय चेंडू हलवण्याची सवलत, हक्काचा होता. पण उभे राहून पाहिले, तर नजीकचा बिंदू नेमका करवंदीच्या जाळीत निघाला आणि क्लबभराचे अंतरही सगळे काट्यांतच. पलीकडे छान कापलेले गवत होते, पण ते दोन पावले अधिक लांब. चेंडू उचलून मग बेत बदलला असता, तर तो जागेवर परत ठेवण्यासाठी एका फटक्याचा दंड बसला असता. म्हणून हात न लावता दगडावरूनच मारला. क्लबवरचा ओरखडा अजून दिसतो.

गडग्याला (दगडी कुंपणाला) टेकलेल्या चेंडूला मी सवलत का घेतली नाही, असेही आपण विचारता. तो गडगा मैदानाची हद्द दाखवतो आणि हद्द दाखवणाऱ्या वस्तूपासून फ्री रिलीफ मिळत नाही. व्हाळाकाठच्या (ओढ्याकाठच्या) लाल खुणांच्या आत, म्हणजे दंडक्षेत्रात, चेंडू गेला, तर तिथे साचलेल्या पावसाच्या पाण्यासाठीही तो नाही. डबक्याला सवलत मिळते ती ‘तात्पुरते पाणी’ म्हणून; दव तर त्यात धरतच नाहीत, आणि नुसती ओल पुरत नाही; पाय मुद्दाम न दाबता पाणी दिसले पाहिजे. माझ्या डबक्यात ते बुटाच्या नाडीपर्यंत होते.

मूळ लेखातील ते वाक्य आज दुरुस्त केले आहे.