मिफुनेबद्दलचा तो फॉरवर्ड थांबवा, माझी पोस्ट पण चुकली होती

जपानी नट तोशिरो मिफुनेचा काळा-पांढरा फोटो लावून एक मेसेज फिरतोय, की हा खरा सामुराई घराण्यातला, लहानपणापासून तलवार शिकलेला आणि दिग्दर्शक अकिरा कुरोसावाच्या प्रत्येक सिनेमात हाच हिरो. शेवटचं वाक्य परवा मी पण पोस्टमध्ये टाकलं होतं, ते चूक आहे, सॉरी.

कुरोसावाने 30 सिनेमे केले, त्यातल्या 16 मध्ये मिफुने आहे, 1948 च्या 'ड्रंकन एंजल'पासून 1965 च्या 'रेड बिअर्ड'पर्यंत, बस्स. मी काल यादी काढून एकेकाची श्रेयनामावली बघत बसलो तेव्हा लक्षात आलं, 'इकिरू'त तर तो नाहीच, तिथे ताकाशी शिमुरा आहे, आणि 'रान'मध्ये तात्सुया नाकादाई.

आता घराण्याचं. मिफुनेचा जन्म 1920 चा, चीनमधल्या छिंगताओचा, वडिलांचा फोटो स्टुडिओ होता. युद्धात तो हवाई दलात एरियल फोटोग्राफीच्या कामावर होता, नंतर तोहो स्टुडिओत गेला तोही कॅमेऱ्याचं काम मिळेल म्हणून, आणि 1946 च्या नवीन चेहऱ्यांच्या ऑडिशनला जाऊन पोचला. गंमत म्हणजे 'सेव्हन सामुराई'मधला त्याचा किकुचियो पण शेतकऱ्याचाच पोरगा, खोटी वंशावळ दाखवत फिरणारा!

मेसेजमधलं एक मात्र बरोबर आहे, 'थ्रोन ऑफ ब्लड'च्या शेवटी त्याच्यावर खरे बाण सोडले होते, चेहऱ्यावरची भीती नीट बघा एकदा.

माझी जुनी पोस्ट मी दुरुस्त केलीये. ज्यांनी स्क्रीनशॉट पुढे पाठवलेत त्यांनी प्लीज तिथे हे पण टाका आणि तो फोटोवाला मेसेज आता पुढे ढकलू नका.